पाठीवरचें बिऱ्हाड

आपल्या वार्षिकासाठीं अमेरिकेचें प्रवासवर्णन लिहून द्यावें, अशी संपादकांची सूचना आली, तेव्हां मला प्रथम थोडें हसूंच आलें. अमेरिका म्हटली कीं वाचकांच्या डोळ्यांसमोर गगनचुंबी इमारती आणि नायगाराचा प्रपात उभा राहणार. आणि मीं तर त्यांपैकीं कांहींच पाहिलें नाहीं. इ. स. २०२४ च्या मे-जून महिन्यांत त्या देशांत मीं एकोणीस दिवस प्रवास केला, तो पन्नास वर्षांच्या एका जुन्या ट्रेलरच्या संगतीनें. विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर असतें म्हणतात. आमचें बिऱ्हाड मोटारीच्या पाठीशीं बांधलेलें होतें, एवढाच फरक. त्या बिऱ्हाडाची हकीकत येथें सांगतें. ज्यांस शहरांचें वर्णन हवें असेल त्यांनीं खुशाल पुढचें पान उलटावें.

माझे वडील बंधू, ज्यांना आम्ही सर्व भावंडें दादा म्हणतों, ते १९७८ सालीं ओहायो संस्थानांत नोकरीनिमित्त गेले आणि तेथेंच राहिले. धंद्यानें ते यंत्रशास्त्रज्ञ. आमच्या वहिनी २०२१ सालीं वारल्या. एकुलती एक मुलगी, म्हणजे माझी पुतणी, देशाच्या दुसऱ्या टोंकाला, ओरेगॉन संस्थानांतील बेकर सिटी नांवाच्या लहानशा गांवीं डॉक्टर आहे. अठ्ठ्याहत्तरीच्या घरांत आलेल्या बापानें एकट्यानें राहूं नये, असें तिनें तीन वर्षें धरून धरलें, तेव्हां दादांनीं घर विकण्यास एकदांचा रुकार दिला. पण त्यांत त्यांनीं एक अट घातली. ट्रेलरांत मावेल तेवढेंच सामान बरोबर न्यावयाचें. बाकीचें सर्व येथल्या येथें वांटून टाकावयाचें.

"बाबा, सामान नेणाऱ्या कंपन्या आहेत. सगळें घर उचलून नेतील," पुतणी म्हणाली.

"नेतील कीं," दादा म्हणाले. "पण मग निवड कोण करणार?"

ही गोष्ट मला पत्रानें कळली आणि मी सोबतीला म्हणून गेलें. मोटार हांकणारीं तीं दोघें. मी केवळ नकाशा धरणारी आणि पोळ्या लाटणारी.

आतां त्या ट्रेलराविषयीं. मोटारीच्या मागें जोडून ओढीत न्यावयाचें तें एक चाकांवरचें घर असतें. दादांचा ट्रेलर १९७४ सालचा. १९९१ मध्यें तो त्यांनीं जुनाच विकत घेतला आणि पुतणी लहान असतांना प्रत्येक उन्हाळ्यांत त्यांतून भटकंती केली. लांबी सतरा फूट; आंत दोन बांकें, रात्रीं ज्यांचे बिछाने होतात; एक मेज, तीन शेगड्यांची चूल, मोरी आणि कपाटें. खिडक्यांना वहिनींनीं शिवलेले खणांचे पडदे होते. उन्हानें त्यांचा रंग उडाला होता, पण कांठ शाबूत होते. आंत पाऊल टाकतांच मला आमच्या माजघराचा वास आला, असें लिहिलें तर अतिशयोक्ति वाटेल. पण हिंगाची डबी त्या कपाटांत तीस वर्षें राहिली होती, ही गोष्ट खरी.

बाहेरून हें घर अॅल्युमिनियमच्या पत्र्याचें दिसतें, परंतु त्याचा सांगाडा लांकडाचा असतो, आणि त्यामुळें त्याचा खरा शत्रु रस्ता नसून पाणी होय. पत्र्याच्या सांध्यांत भरलेला लांबी सुकून भेगाळला कीं पाणी गुपचूप आंत शिरतें, आणि भिंतीच्या आंतील लांकूड कुजून मऊ होईपर्यंत बाहेर कांहींच दिसत नाहीं. म्हणून दादा दर वसंतांत शिडी लावून प्रत्येक सांध तपाशीत आणि आंतल्या जमिनीचे कोपरे अंगठ्यानें दाबून पाहत. त्यांतील शीतकपाटहि मोठें नवलाचें. त्याला मोटर नाहीं, खडखड नाहीं; एका लहानशा ज्योतीच्या उष्णतेनें अमोनियाच्या द्रावणाला ऊब द्यावयाची आणि त्या उबेंतून थंडी निर्माण करावयाची! विस्तवानें बर्फ करणारी ही पेटी मात्र सपाट जागेवर उभी राहिली तरच नीट काम करते. म्हणून प्रत्येक मुक्कामीं दादा आधीं पाणसळ काढीत, चाकांखालीं फळ्या सरकवीत, आणि मग चहाचें नांव घेऊं देत.

निघण्यापूर्वींच्या तयारीचा मीं जो आठवडा पाहिला, तो प्रवासाइतकाच लक्षांत राहिला आहे. ट्रेलरचे टायर झिजून नव्हे, तर वयानें मरतात, हें मला तेथें समजलें. वर्षांतील दहा महिने गाडी एका जागीं उभी. टायरावरील नक्षी नव्यासारखी, पण रबर आंतून जून झालेलें. प्रत्येक टायरच्या कडेवर चार आंकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. आमच्या टायरांवर २२१७ असें होतें, म्हणजे त्यांचा जन्म २०१७ च्या बाविसाव्या आठवड्यांतला. दादांनीं ते दिसावयास धडधाकट असतांहि काढून टाकले आणि नवे घातले. मग चाकांच्या बेअरिंगांत नवें वंगण भरलें. मोटार व ट्रेलर यांना जोडणाऱ्या दांड्याखालून दोन साखळ्या एकमेकींना छेद देऊन बांधल्या, कीं जोड निसटलाच तर दांडा त्या साखळ्यांच्या झोळींत पडावा. एवढ्यावरहि ट्रेलर सुटलाच, तर एका तारेनें खीळ उपटली जाऊन त्याचे स्वतःचे ब्रेक आपोआप लागतात. हें सर्व पाहतांना मला भीमेच्या कांठच्या आमच्या गांवची आजोबांची बैलगाडी राहून राहून आठवत होती. तिच्या पोटाखालीं वंगणाचें नळकांडें टांगलेलें असे, आणि जत्रेला निघण्यापूर्वीं आजोबा स्वतः वांकून आंस पाहत; गड्यावर तें काम सोंपवीत नसत.

निघालों तो दिवस सुखरूप गेला. दुसऱ्या दिवशीं, इलिनॉय संस्थानांतून पश्चिमेकडे जातांना, एक मोठी मालमोटार आमच्या शेजारून पुढें जाऊं लागली. अशा वेळीं तिच्यापुढची हवा प्रथम ट्रेलरचें शेपूट बाहेर ढकलते, आणि तिची कूस जवळ येतांच तेंच शेपूट आंत ओढलें जातें. एरवीं एक हिसका बसून गाडी सरळ होते. ह्या खेपेस ती झाली नाहीं. ट्रेलर डावीकडे गेला, उजवीकडे गेला, पुनः डावीकडे गेला, आणि प्रत्येक हेलकावा आधींच्यापेक्षां मोठा. मागच्या खिडकींतून मला तो आमच्या मोटारीच्या एकदां ह्या अंगाला, एकदां त्या अंगाला दिसत होता. मोटार दादाच हांकीत होते. अशा प्रसंगीं मोटारीचा ब्रेक दाबणें म्हणजे घात. मागचें ओझें पुढच्यावर चालून येतें. दादांनीं ब्रेकला पाय लावला नाहीं. वेग आपोआप उतरूं दिला आणि फक्त ट्रेलरचेच ब्रेक लावणारी समोरची लहानशी कळ अंगठ्यानें हलकेंच सरकविली. ट्रेलर मागून धरल्यासारखा ताठ झाला आणि रांगेंत आला. मोटारींत कितीतरी वेळ कोणीं कांहीं बोललें नाहीं.

मग दादा मराठींत एकच शब्द म्हणाले: "उलाळ."

शहरांत वाढणाऱ्या मुलांना हा शब्द कदाचित् ठाऊक नसेल. बैलगाडींत मागें ओझें जास्त झालें कीं गाडी उलाळ होते. जूं वर उचललें जाऊन त्याची दोरी बैलांच्या गळ्याला आवळते. पुढें ओझें जास्त झालें तर ती धुरजड होते, आणि सारा भार बैलांच्या मानेवर येतो. चांगला गाडीवान पोतीं भरतांनाच दोहोंमधला मेळ साधतो. ट्रेलरचें शास्त्र ह्याहून वेगळें नाहीं. एकूण वजनाचा दहावा ते सातवा हिस्सा पुढच्या दांड्यावर पडला पाहिजे. त्याहून कमी पडला तर ट्रेलर शेपूट हलवूं लागतो, जास्त पडला तर मोटारीची मागची बाजू बसते आणि पुढचीं चाकें हलकीं होतात. अमेरिकेंतील शास्त्रज्ञ ह्यासाठीं आकृत्या काढतात. आमच्या गाडीवानांनीं दोन शब्दांत तें आटोपलें आहे, असा माझा थोडासा अभिमान येथें वाचकांनीं क्षमा करावा.

पुढच्या थांब्यावर मालमोटारींसाठीं वजनकांटा होता. त्यावर ट्रेलर चढविला. ज्या एका आंसावर तो चालतो, त्याची शक्ति साडेतीन हजार पौंडांची. आणि ट्रेलर भरला होता तीन हजार आठशें साठ! पुढच्या दांड्यावर त्यांतले अवघे दोनशें सत्तर. निघण्याच्या आठवडाभर आधीं दादांनीं वजन केलें होतें तेव्हां सर्व ठीक होतें. परंतु शेवटच्या दोन संध्याकाळीं, रिकाम्या होत चाललेल्या घरांत, "एवढें एक राहूं दे" असें म्हणत म्हणत पेट्या वाढल्या होत्या, आणि जागा उरली होती ती फक्त मागच्या बांकाखालीं. त्या पेट्यांत मुख्यतः पुस्तकें होतीं. शेहेचाळीस वर्षें दर हिंदुस्थानभेटींत घेतलेलीं मराठी पुस्तकें.

त्या रात्रीं मुक्कामाच्या जागीं सामान बाहेर गवतावर मांडलें. माणसाचें आयुष्य असें गवतावर मांडलेलें पाहणें सुखाचें नसतें. पुतणी गप्प होती. दादा एका फरसाणाच्या जुन्या डब्याच्या झांकणावर पेन्सिलीनें आंकडे मांडीत होते. शिवणयंत्र, पस्तीस पौंड. पितळी भांडीं, बावीस. पुस्तकें, तीनशें दहा. आणि काळ्या दगडाचा पाटा-वरवंटा, त्रेचाळीस.

"बाबा, माझ्या घरीं मिक्सर आहे," पुतणी हळूंच म्हणाली.

दादांनीं उत्तर दिलें नाहीं. तो पाटा वहिनींनीं १९७९ सालीं पहिल्या खेपेस विमानांतून नेला होता. त्यावेळीं त्यांचीं लुगडीं मागें राहिलीं होतीं आणि पाटा गेला होता, ही गोष्ट आमच्या घरांत अजून हंसून सांगतात. दादांनीं तो उचलूं लागतांच पुतणीनें दुसऱ्या बाजूनें हात दिला. दोघांनीं तो आंत नेला आणि जमिनीवर, बरोबर आंसाच्या वर, भिंतीला लावून ठेवला.

"आंसावरचें वजन गाडीला उलाळहि करीत नाहीं आणि धुरजडहि करीत नाहीं," दादा म्हणाले, आणि झांकणावर पुढचा आंकडा लिहूं लागले.

पुस्तकें कॅन्सस सिटींत राहिलीं. तेथें एक मराठी कुटुंब पुतणीच्या ओळखीचें होतें. त्यांची दोन मुलें घरांत मराठी बोलत, पण वाचीत नव्हतीं. आई शिकवूं पाहत होती. दादांनीं अकरा पुस्तकें ठेवून बाकीचीं सर्व त्यांच्या दिवाणखान्यांत रचलीं, आणि "शोभेला ठेवूं नका" एवढेंच सांगितलें. धाकट्या मुलानें लगेच एक उघडून, अक्षर अक्षर लावीत, पहिल्या पानावरची वहिनींची सही मोठ्यानें वाचली. दादा मोटारीकडे गेले.

पुनः वजन केलें तेव्हां तीन हजार चारशें दहा भरलें, आणि दांड्यावर चारशें. तेव्हांपासून बेकर सिटीपर्यंत ट्रेलरनें एकदांहि शेपूट हलविलें नाहीं.

योगायोग असा कीं, कॅन्सस सिटीला लागूनच इंडिपेंडन्स हें गांव आहे, आणि एकोणिसाव्या शतकांत ओरेगॉनला जाणारे हजारों वसाहतवाले आपल्या गाड्या भरीत ते ह्याच भागांत. १८४३ पासून त्या वाटेनें मोठमोठे तांडे जाऊं लागले. सुमारें दोन हजार मैलांची वाट, चार ते सहा महिने. गाडी बहुधा बैलांची, आणि बहुतेक माणसें तिच्या शेजारून पायीं. त्यांच्या आंसाखालींहि डांबर आणि चरबी यांच्या वंगणाची बादली लोंबत असे, हें वाचून मला आजोबांच्या नळकांड्यासाठीं परदेशांत एक नातेवाईक भेटल्यासारखें वाटलें. त्यांनींहि निघतांना गाड्या अति भरल्या. मग प्लॅट नदीच्या कांठानें जातां जातां, फोर्ट लॅरामीच्या आसपास, बैल थकूं लागले कीं लोखंडी चुली, कपाटें, पेट्या वाटेवर टाकून देत. ही वाट लाकोटा, शायेन, शोशोनी इत्यादि लोकांच्या भूमींतून गेली आणि तिच्या मागोमाग त्यांची भूमि गेली, हेंहि विसरतां कामा नये. ज्यांना कांहीं टाकावें कीं ठेवावें हें विचारण्यांतच आलें नाहीं, असे ते लोक.

आम्ही त्याच नदीच्या कांठानें गेलों. नेब्रास्का संस्थान दिवसभर चालूनहि संपत नाहीं. मक्याचीं शेतें, पाण्याचे उंच बुरूज, आणि आकाश. मग सपाटींतून चिमणी रॉक नांवाचा सुळका वर येतो; तळापासून तीनशें फुटांच्या सुमारास उंच. दिवसाला दोनशें मैलांहून जास्त नाहीं आणि तासाला पंचावन्न मैलांहून जास्त नाहीं, असा दादांचा नेम होता. सर्व जग आम्हांला मागें टाकून पुढें जात होतें, आणि दादांना त्याचें कांहींच वाटत नव्हतें. गर्न्झी गांवाजवळ वालुकाश्मांत त्या जुन्या गाड्यांनीं पाडलेल्या चाकोऱ्या पाहिल्या. कोठें कोठें त्या पांच फूट खोल आहेत. चाकोरी हा शब्द आपण निंदेनें वापरतों. त्या दगडांत उभें राहिल्यावर तो शब्द निंदेनें वापरणें मला जड जाईल.

कॅस्परला एक दिवस वाऱ्यानें अडकून पडलों. वायोमिंगमधील वारा रिकाम्या मालमोटारी उलथून टाकतो, आणि सरकारी पाट्या हलक्या व उंच गाड्यांना स्पष्ट मना करतात. तो दिवस मीं भाकरी करण्यांत घालविला.

प्रत्येक थांब्यावर दादांचा एक विधि असे. खालीं उतरून दोन्ही चाकांच्या मध्यभागीं हाताची पाठ लावावयाची, जशी तापकऱ्याच्या कपाळाला लावतात. इंडिपेंडन्स रॉकपाशीं त्यांनीं उजव्या चाकाला हात लावला आणि चटकन् मागें घेतला. आंतील वंगण अडवून धरणारी रबराची कडी फाटली होती. तीन-चार मैल पुढें गेलों असतों तर काय झालें असतें, तें दादांनीं सांगितलें नाहीं आणि मीं विचारलें नाहीं.

इंडिपेंडन्स रॉक म्हणजे माळावर बसलेल्या कासवासारखा ग्रॅनाइटचा प्रचंड खडक, सुमारें एकशें तीस फूट उंच. जुलैच्या चार तारखेपर्यंत, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनापर्यंत, येथें पोंचलें तर बर्फ पडण्याच्या आंत डोंगर ओलांडतां येतील, असा त्या जुन्या प्रवाशांचा अदमास असे. आणि पोंचलेल्यांनीं त्यावर आपलीं नांवें कोरलीं, तीं आजहि वाचतां येतात. त्या खडकाच्या सावलींत आम्हीं चाक काढलें. दादांजवळ नवी कडी आणि नवें बेअरिंग, दोन्ही होतीं. पण आंसाच्या टोंकांतील बारीक खीळ त्यांना दिसेना. दोनदां त्यांनीं पक्कड लावली, दोनदां ती घसरली. त्यांच्या उजव्या डोळ्याला मधोमध अंधारी येते, हें आम्हां दोघींनाहि त्या दिवशींच कळलें.

"बाबा, उठा," पुतणी म्हणाली, आणि गुडघे टेकून बसली.

मग दादा बसून सांगूं लागले आणि ती करूं लागली. खीळ सरळ कर. नट हातानेंच सुटेल. आंतलें बेअरिंग उजेडांत धर; निळसर दिसतें तें तापल्याचें लक्षण. आतां तळहातावर वंगणाचा गोळा घे आणि नवें बेअरिंग त्यांत दाबीत रहा, दुसऱ्या बाजूनें वंगण वर येईपर्यंत. घाई नाहीं. नट आवळ, मग थोडा सैल कर. रुग्णांच्या जखमा शिवणारी ती मुलगी कोपरापर्यंत काळी होऊन, जीभ दांतांत धरून, तें सर्व करीत होती. दोन तास लागले. काम झाल्यावर दादांनीं चाक फिरवून कान लावला, आणि किल्ल्या तिच्या हातीं दिल्या. पुढचे सर्व दिवस तीच हांकीत होती. दादा शेजारीं बसत आणि आरशांत पाहत, पण बोलत क्वचित्.

साउथ पास हा सात हजार चारशें फुटांवरचा घांट. पण आपल्या खंडाळ्याच्या घांटाची कल्पना मनांत धरून जाणाऱ्याची तेथें निराशाच होते. चढ इतका मंद कीं माथा केव्हां आला हें कळत नाहीं. तेथून मागचें पाणी अटलांटिकाकडे आणि पुढचें पॅसिफिकाकडे वाहतें. ह्या सौम्यपणामुळेंच बैलगाड्यांना तेथून डोंगर ओलांडतां आला. नंतर आयडाहो. त्याविषयीं बटाट्याचीं शेतें आणि ऊन यांपलीकडे माझ्या वहींत कांहीं नाहीं.

बेकर सिटीच्या अलीकडे फ्लॅगस्टाफ टेंकडीच्या पायथ्याशीं त्या चाकोऱ्या पुनः दिसल्या. येथें दगड नाहीं, नुसत्या झुडुपांतून गेलेल्या दोन वाटा. ज्या वॉली बायमनें पुढें चकचकीत अॅल्युमिनियमचे प्रसिद्ध एअरस्ट्रीम ट्रेलर बनविले, तो १८९६ सालीं ह्याच गांवीं जन्मला. आमचा ट्रेलर त्याच्या कारखान्यांतला नव्हे. तरी दादांना ती गोष्ट फार आवडली, आणि त्यांनीं ती मला तीन वेळां सांगितली.

पुतणीच्या घराच्या बाजूला अरुंद फाटकांतून ट्रेलर उलटा आंत न्यावयाचा होता. तें काम अवघडच. चक्र डावीकडे फिरविलें कीं ट्रेलर उजवीकडे वळतो. त्यावर युक्ति अशी कीं चक्राच्या तळाशीं हात धरावा आणि ज्या बाजूला ट्रेलर हवा त्याच बाजूला हात न्यावा. पहिल्या खेपेस तो कुंपणाकडे गेला, दुसऱ्या खेपेस जर्दाळूच्या झाडाकडे. दादा मागें उभे राहून फक्त हात हालवीत होते. ये, ये, थांब. तिसऱ्या खेपेस तो सरळ आंत गेला. दादांनीं चाकांना फळ्या लावल्या, पाणसळ ठेवली, आणि शीतकपाटाची ज्योत पेटविली, जरी घर दहा पावलांवर होतें.

पाटा दुसऱ्या दिवशीं स्वैपाकघरांत गेला. त्याची जागा मोरीच्या डाव्या हाताला.

दादांची प्रवासवही मी नंतर चाळली. शेवटच्या नोंदींत लिहिलें आहे: एकूण २,३१८ मैल, टायर दोन्ही उत्तम, उजवें बेअरिंग मुलीनें घातलें, ठीक चालतें. आणि त्याखालीं, वेगळ्या शाईनें: सप्टेंबरांत मागील खिडकीची सांध तिला दाखविणें.